अस्वलाचे कान

युरोप खंडाच्या मध्यभागी आल्प्स नावाची विशाल पर्वतराजी पसरलेली आहे. तिच्या उंच उतारांवर हिवाळ्यात कित्येक महिने बर्फाचे जाड आवरण असते. वसंत ऋतूत हे बर्फ वितळू लागले, की चुनखडीच्या उभ्या कड्यांमधील फटींतून पिवळ्या फुलांचे लहान लहान झुबके वर येतात. त्या फटींत माती असते ती जेमतेम चिमूटभर. पाणी येते, पण क्षणभरही न थांबता खाली निघून जाते. अशा ठिकाणी मूळ धरून राहणारे हे रोप म्हणजे ऑरिक्युला होय.

लॅटिन भाषेत ‘ऑरिक्युला’ म्हणजे चिमुकला कान. या रोपाची पाने जाड, मांसल आणि गोलसर असतात. त्यांच्याकडे पाहून कोणा एकास अस्वलाच्या कानांची आठवण झाली असावी. कारण चारशे वर्षांपूर्वीचे वनस्पतिशास्त्रज्ञ या रोपाचा उल्लेख ‘अस्वलाचे कान’ असाच करीत. शास्त्रज्ञांनी त्याला प्रिम्युला या प्रजातीत घातले आहे, आणि इंग्रजी बोलणारे लोक या प्रजातीतील फुलांना प्रिमरोझ म्हणतात. ऑस्ट्रिया देशाच्या पाच सेंटच्या नाण्यावर आल्प्समधील प्रिमरोझचे चित्र आहे, यावरून तेथील लोकांची या फुलांवरील ममता दिसून येते.

प्रिम्युला प्रजातीत चारशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांपैकी बहुसंख्य हिमालयात व त्याला लागून असलेल्या पश्चिम चीनच्या डोंगरांत वाढतात. काश्मीर, हिमाचल प्रदेश, सिक्कीम येथील ओलसर कुरणांत त्यांची जांभळी आणि गुलाबी फुले पाहावयास मिळतात. तेव्हा हे घराणे भारताला परके नाही. ऑरिक्युला मात्र अस्सल युरोपीय पर्वताचे लेकरू आहे. त्याला थंडीचे भय नाही. उन्हाळ्याचा उष्मा आणि मुळाशी साचलेले पाणी हे त्याचे दोन वैरी होत. ही एक गोष्ट नीट ध्यानात आली, की या रोपाच्या निगेचे बहुतेक नियम आपोआप समजतात. महाराष्ट्रात ते का वाढत नाही, हेही यावरूनच कळते. मैदानी प्रदेशातील उन्हाळा त्याला सोसणार नाही हे उघडच आहे. परंतु महाबळेश्वरसारख्या थंड हवेच्या ठिकाणीही पावसाळ्याचे चार महिने जो पाऊस कोसळतो, तो त्याच्या मुळांना मानवण्याजोगा नाही.

ऑरिक्युलाच्या अनेक वाणांच्या पानांवर आणि देठांवर एक पांढरी, मऊ भुकटी असते. नाशिककडच्या द्राक्षाच्या मण्यांवर जशी पांढुरकी झाक दिसते, तशीच ही दिसते, परंतु तिच्याहून पुष्कळ दाट. बोट लागताच ती पुसली जाते आणि तेथे हिरवा डाग उरतो. ही भुकटी बाहेरून येऊन बसलेली धूळ नव्हे. पानावरील अतिसूक्ष्म केसांच्या टोकांशी ग्रंथी असतात, त्यांतून ती बाहेर पडते. काही जुन्या वाणांना इंग्लंडात ‘पिठाने माखलेला गिरणीवाला’ अशा अर्थाचे नाव आहे. पिठाच्या गिरणीत दळण दळणाऱ्या माणसाच्या भुवयांवर आणि हातांवर जसे पीठ बसलेले असते, तसेच हे रोप दिसते. त्याला याहून समर्पक नाव सुचणे कठीण!

रानातील ऑरिक्युलाचे फूल पिवळे असते. मग बागेतील ऑरिक्युलामध्ये तांबडा, जांभळा, तपकिरी, मखमली काळा असे रंग आले कोठून? याचे उत्तर सोळाव्या शतकातील व्हिएन्ना शहरात सापडते. १५७३ साली सम्राट दुसरा मॅक्सिमिलियन याने क्लूसियस नावाच्या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञास आपल्या दरबारी बोलावून घेतले. क्लूसियसला आल्प्सच्या वनस्पतींचे विलक्षण वेड होते. डोंगर चढून त्याने अनेक रोपे बागेत आणून लावली. पण खाली आणलेली बहुतेक डोंगरी रोपे झुरून मेली. जी थोडी जगली, त्यांत दोन प्रकारचे ‘अस्वलाचे कान’ होते. एकाची फुले पिवळी होती आणि दुसऱ्याची तांबूस. हे दुसरे रोप त्याला व्हिएन्नातच एका मित्राच्या बागेत आढळले होते. ते रानात कोठे उगवते याचा त्याने पुष्कळ शोध केला, परंतु त्याला ते सापडले नाही.

पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात, केर्नर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने त्याचा छडा लावला. पिवळी ऑरिक्युला चुनखडीच्या खडकावर वाढते. तिची एक गुलाबी फुलांची बहीण चुना नसलेल्या ग्रॅनाइटसारख्या खडकावर वाढते. त्यामुळे दोघींची गाठ सहसा पडत नाही. परंतु टिरोल प्रांतात एके ठिकाणी हे दोन्ही खडक शेजारी शेजारी आहेत. तेथे मधमाश्यांनी एकीचे पराग दुसरीवर नेले आणि दोहोंच्या संकरातून नाना रंगांची रोपे निपजली. बागेतील सगळी रंगीबेरंगी ऑरिक्युला या संकराची संतती मानली जाते. क्लूसियसने आपली रोपे दूरदूरच्या मित्रांना पाठविली. १५९३ साली तो स्वतः हॉलंडातील लायडेन येथे गेला. १५९७ साली इंग्लंडात छापलेल्या जॉन जेरार्डच्या वनस्पतिग्रंथातही अस्वलाच्या कानांचे वर्णन आढळते.

फ्लँडर्स प्रांतात धर्मावरून छळ होऊ लागला तेव्हा तेथून पळून आलेल्या विणकरांनी ही रोपे इंग्लंडात आणली, अशी एक आख्यायिका आहे. तिला भक्कम पुरावा नाही. पण ती का प्रचलित झाली असावी, हे समजण्याजोगे आहे. आरंभी धनिकांच्या बागेत मिरवणाऱ्या या फुलाचे खरे पालक पुढे विणकरच ठरले.

अठराव्या शतकात इंग्लंडच्या लँकेशायर व चेशायर या परगण्यांत हातमागावर कापड विणणारी हजारो कुटुंबे होती. माग घरातच असे. दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत विणकर मागाशी जखडलेला असला, तरी त्याचे परसू तेथून चार पावलांवर असे. आभाळ भरून आले, की धोटा खाली ठेवून तो उठे, कुंड्या आडोशाला ठेवी आणि पुन्हा मागावर येऊन बसे. शेतमजुराला किंवा खाणीत उतरणाऱ्या कामगाराला असे करणे शक्य नव्हते. शिवाय ऑरिक्युलाला जागा ती किती लागणार? भिंतीला ठोकलेल्या एका फळीवर दहा-बारा कुंड्या सहज राहत. लँकेशायरची थंड, ढगाळ हवाही या डोंगरी रोपास मानवणारी होती.

दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्याच्या आरंभी गावच्या सराईत या फुलांचे प्रदर्शन भरे. पहिले बक्षीस बहुधा तांब्याची किटली हे असे. ती आधीपासूनच सराईच्या दाराशी टांगून ठेवीत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची दृष्टी तिच्यावर पडावी. आपली कुंडी जपून धरून विणकर मैलोगणती पायी चालत तेथे येत. घरी दोन वेळच्या पोटाची भ्रांत असलेली ही माणसे एका फुलाच्या गोलाईवरून तासन् तास वाद घालीत, हे दृश्य मोठे मनोहर असले पाहिजे.

कारण त्यांची परीक्षा फार कडक असे. प्रदर्शनात मांडावयाचे फूल कसे असावे, याचे नियम त्यांनी हळूहळू ठरवून टाकले होते. फूल सपाट आणि पूर्ण गोल असावे. मध्यभागी पिवळी नळी असावी. तिच्याभोवती पांढऱ्या भुकटीचे कडे असावे, आणि ते रांगोळीने रेखल्यासारखे एकसारखे असावे. त्याच्या बाहेर गडद, जवळजवळ काळा पट्टा आणि सर्वांत बाहेर हिरवी, करडी किंवा पांढरी किनार असावी. ही हिरवी किनार अठराव्या शतकात प्रथम दिसली. ती पाकळीचा नुसता रंग नव्हे. तेथे पाकळीचे रूपच पालटून ती पानासारखी झालेली असते. तिच्यावर भुकटी नसेल तर किनार हिरवी दिसते, विरळ असेल तर करडी आणि दाट असेल तर पांढरीशुभ्र.

आणखी एक अट नळीच्या तोंडाविषयी होती. ऑरिक्युलाची फुले दोन प्रकारची असतात. काही रोपांच्या फुलांत स्त्रीकेसराचे टोक नळीच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखे दिसते आणि पुंकेसर आत खोल दडलेले असतात. दुसऱ्या काही रोपांत नेमके याच्या उलट असते. तेथे पुंकेसरांचा झुपका तोंडाशी असतो आणि स्त्रीकेसर खाली. या दुसऱ्या प्रकाराला विणकरांनी आपल्याच धंद्यातील शब्द दिला. कापड मागावरून कापून घेतल्यावर ताण्याच्या सुतांची जी टोके उरतात, ज्यांना आपण दशा म्हणतो, त्यांच्यासारखा हा झुपका त्यांना वाटला. प्रदर्शनात फक्त दशीची फुले घेत. टाचणीचे फूल कितीही सुंदर असले तरी ते बाद होई. हा निव्वळ आवडीचा प्रश्न होता. निसर्गाच्या दृष्टीने दोन्ही प्रकार सारखेच मोलाचे आहेत. १८६२ साली चार्ल्स डार्विनने प्रिम्युला प्रजातीतील फुलांचा बारकाईने अभ्यास करून दाखविले, की एका प्रकारच्या फुलाचे पराग दुसऱ्या प्रकारच्या फुलावर पडले, तरच भरपूर बी धरते. विणकरांना हे दोन प्रकार त्यापूर्वी कितीतरी वर्षे ठाऊक होते. त्यांचे प्रयोजन मात्र ठाऊक नव्हते.

पावसाच्या चार थेंबांनी भुकटीची सारी रांगोळी विसकटते. म्हणून ही रोपे उघड्या वाफ्यात न लावता कुंडीत वाढवितात. मोठ्या बागांतून त्यांच्यासाठी लाकडी रंगमंच उभारीत. वर छप्पर, तीन बाजू बंद, आत पायऱ्या-पायऱ्यांच्या फळ्या आणि बहुधा काळा रंग दिलेली पार्श्वभूमी, असे त्याचे रूप असे. फुललेल्या कुंड्या त्यावर ओळीने मांडल्या, म्हणजे नाटकातील पात्रे प्रवेश करून उभी राहिल्याचा भास होई. इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात कॅल्क ॲबी या ठिकाणी असा एक जुना रंगमंच जतन केलेला आहे.

कुंडी आठ-नऊ सेंटिमीटर रुंदीची, पण खोल असावी, कारण रोपाची मुळे लांब वाढतात. मोठ्या कुंडीत माती फार काळ ओली राहते आणि मुळे कुजतात. मातीत पोयटा, पानांचे कुजलेले खत आणि भरपूर बारीक खडी मिसळतात, म्हणजे ओतलेले पाणी तत्काळ तळातून निघून जाते. जुने हौशी बागवान मात्र खताच्या बाबतीत अगदी बेभान होते. आयझॅक एमर्टन याने १८१५ साली लिहिलेल्या पुस्तकात पाळीव हंसांची विष्ठा, बैलाचे रक्त आणि साखरेच्या कारखान्यातील मळी एकत्र कुजवून खत करावयास सांगितले आहे. त्या काळी शेजाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच करावी! खडकाच्या फटीत चिमूटभर मातीवर जगणाऱ्या रोपाला असल्या मेजवानीची गरज नसते. आजचे बागवान साध्या मातीवरच भर देतात.

ऑरिक्युलाचे वर्ष फुले ओसरल्यावर सुरू होते, असे म्हटले तरी चालेल. मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये रोप कुंडीतून हलकेच उपटून जुनी माती झाडून टाकतात. पानांच्या खाली जाड खोडकी असते. तिला इंग्लंडातील बागवान ‘गाजर’ म्हणतात. गाजराचा खालचा भाग म्हातारा किंवा कुजका झाला असेल, तर धारदार चाकूने तो कापून जखमेवर कोळशाची पूड लावतात. यात भिण्याचे कारण नाही. नवी मुळे वर, पानांच्या जवळून फुटतात. याच वेळी बुडाशी आलेली पिल्ले वेगळी करून लहान कुंड्यांत लावतात.

मग येतो तो उन्हाळा, आणि रोपाचे खरे संकट हेच. तेव्हा कुंड्या भिंतीच्या उत्तर बाजूस, थंड सावलीत आणि वाहत्या हवेत ठेवतात. माती कोरडी पडू द्यावयाची नाही आणि चिंबही होऊ द्यावयाची नाही. पाणी बारीक तोटीच्या झारीने कुंडीच्या कडेने घालतात. पानांवर थेंब पडू देत नाहीत. उन्हाळ्यात एखादे रोप मलूल दिसले, की नवशिका बागवान त्याला आणखी पाणी पाजतो. पुष्कळदा मुळे आधीच कुजू लागलेली असतात, आणि त्या पाण्याने रोपाचा शेवट होतो.

शरद ऋतूत नवी पाने येतात. हिवाळ्यात रोप अंग चोरून घेते. बाहेरची पाने पिवळी पडून वाळतात आणि मधे घट्ट मिटलेला एक कोंब तेवढा राहतो. वाळलेली पाने काढून टाकली नाहीत, तर त्यांना बुरशी धरते. या दिवसांत पाणी जवळजवळ बंद करतात. कुंडीतील माती गोठून दगडासारखी झाली तरी रोपाला काही होत नाही. वर काचेचे झाकण घालतात ते थंडीसाठी नव्हे, पावसासाठी. फेब्रुवारीत कोंब उलगडू लागतो, तेव्हा पाणी हळूहळू वाढवितात. मार्चमध्ये फुलांचा दांडा वर येतो, आणि एप्रिलमध्ये गोड सुवासाची फुले उमलतात. ज्यांना एवढा खटाटोप नको असेल, त्यांच्यासाठी काटक वाणेही आहेत. थोडी सावली आणि पाण्याचा निचरा असलेल्या वाफ्यात ती उघड्यावर वर्षानुवर्षे सुखाने राहतात.

इतकी निगा राखूनही एक शत्रू रात्रीच्या वेळी येतो. सोंड्या नावाचा काळपट भुंगेरा पानांच्या कडा कुरतडतो. त्याचे फारसे नुकसान नाही. पण त्याने मातीत घातलेल्या अंड्यांतून पांढऱ्या अळ्या निघतात आणि त्या मुळे खाऊन टाकतात. वरून रोप हिरवेगार दिसत असते, आणि एके दिवशी हात लावताच ते मुळावाचून हातात येते. या किड्याला उडता येत नाही. त्याच्या माद्या नरावाचूनच अंडी घालतात, म्हणून एकच किडा कुंडीत शिरला तरी पुरे होतो. हल्ली या अळ्यांना मारणारे सूक्ष्म कृमी पाण्यात मिसळून मातीत सोडतात. तरीही दरवर्षी कुंडी पालटताना मुळे तपासणे, यासारखा दुसरा उपाय नाही.

रोप मेले तर दुसरे आणता येईल, असे कोणी म्हणेल. साध्या ऑरिक्युलाच्या बाबतीत ते खरे आहे. नामांकित वाणांचे मात्र तसे नाही. हापूस आंब्याची कोय लावली तर येणारे झाड हुबेहूब हापूसचे फळ देत नाही. त्यासाठी कलमच करावे लागते. ऑरिक्युलाचेही तसेच आहे. बियांपासून होणारी रोपे आईबापांसारखी निघत नाहीत. एखादे वाण जसेच्या तसे टिकवावयाचे, तर केळीच्या मुनव्यांप्रमाणे बुडाशी फुटणारी पिल्लेच लावावी लागतात. म्हणजे शंभर-दीडशे वर्षांचे एखादे वाण आज फुलते, तेव्हा ते मूळ रोपाचेच अंग असते. मधल्या काळात प्रत्येक वर्षी कोणी तरी त्याची माती पालटली, त्याला सावलीत ठेवले, त्याची पिल्ले वेगळी केली, म्हणूनच ते येथवर पोहोचलेले असते.

ही साखळी अनेक वेळा तुटली. १८२० नंतरच्या काही दशकांत लँकेशायरमध्ये यंत्रमाग झपाट्याने पसरले. हातमागावरची मजुरी घसरत गेली आणि विणकरांची मुले गिरण्यांत कामाला जाऊ लागली. ज्या गिरण्यांच्या कापडाने भारतातील कोष्ट्यांच्या घरी उपासमार आणली, त्याच गिरण्यांनी लँकेशायरच्या या घरगुती विणकरालाही देशोधडीला लावले. गिरणीतला कामगार पाऊस आला म्हणून उठून घरी जाऊ शकत नव्हता. परसूही राहिले नाही. जेथे राहिले तेथे धुराची काजळी पानांवर बसू लागली. किती वाणे त्या काळात नाहीशी झाली, याची गणती नाही. १८७० च्या दशकात इंग्लंडातील हौशी लोकांनी ऑरिक्युलासाठी संस्था स्थापन केल्या आणि प्रदर्शनांना पुन्हा जोम आला. पट्टेरी पाकळ्यांची ऑरिक्युला तर सतराव्या शतकात फार लोकप्रिय होती, पण ती पुढे पार लोपली. विसाव्या शतकात काही बागवानांनी पिढ्यान्‌पिढ्या संकर करून पट्टेरी फुले पुन्हा निर्माण केली. ती सुंदर आहेत. तथापि ती जुनी नव्हेत. जी गेली ती गेलीच.

नवे वाण मिळवावयाचे तर बियांवाचून गत्यंतर नाही. बागवान एका फुलाचे कोवळे पुंकेसर काढून टाकतो आणि दुसऱ्या निवडक फुलाचे पराग बारीक कुंचल्याने त्याच्यावर ठेवतो. बी पेरल्यापासून फूल येईपर्यंत बहुधा दोन वर्षे जातात. शेकडो रोपांतून ठेवण्याजोगी दोन-चार निघाली, तरी तो स्वतःला भाग्यवान समजतो. कधी किनार चांगली असते पण गोलाई नसते. कधी गोलाई साधते आणि नळीच्या तोंडाशी नेमकी टाचणी दिसते. एखादे मनाजोगते निघाले, की त्याला नाव देतात आणि पिल्लांची वाट पाहतात. पहिले पिल्लू धरले, की ते आपल्याच फळीवर न ठेवता दूरच्या एखाद्या जाणत्या बागवानाला देण्याचा शिरस्ता आहे. एखाद्या वर्षी सोंड्याने एका घरच्या कुंड्या पोखरल्या, तरी दुसऱ्या घरी ते वाण शाबूत असते, आणि तेथून एक पिल्लू पुन्हा पहिल्या घरी परत येते.